बारीक अंगातली चरबी: पुण्यातलं संशोधन आणि हातातले रिपोर्ट

काटेकोर
"वजन बेताचं, बीएमआय २२, मग साखर कशी वाढली?" हा प्रश्न इथे आरोग्याच्या जवळजवळ प्रत्येक धाग्यावर निघतो आणि उत्तरादाखल "ताण कमी करा" पासून "गव्हाऐवजी ज्वारी खा" पर्यंत काहीही मिळतं. या एका प्रश्नाचा चिकाटीने पाठलाग झालाय तो पुण्यात, केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. बातम्यांत त्यातलं एखादं चटकदार वाक्य येतं. इथे मापं, आकडे आणि मर्यादा यांवर बोलू.

सुरुवात त्या प्रसिद्ध छायाचित्रापासून करायला हरकत नाही. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं शेजारी शेजारी उभं छायाचित्र छापून आलं: याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सा यंत्राने (क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या) मोजलेली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय म्हणजे किलोला मीटरच्या वर्गाने भागणं. त्या किलोत स्नायू किती आणि चरबी किती, हे या भागाकाराला कळायची सोयच नाही.

खरं काम त्याआधीचं आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत, लग्न झालेल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली गेली. या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो, उंची १५२ सेंमी, बीएमआय १८ च्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची. तुलनेला इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली बाळं, सरासरी ३.५ किलोची. पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान, पण सारख्या प्रमाणात लहान नाहीत. साउथॅम्प्टनची सरासरी शून्य धरली तर पोटाचा घेर २.३८ प्रमाण विचलनांनी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) कमी, दंडाचा घेर १.८२ ने कमी, वजन १.७४ ने कमी, आणि पाठीवर खांद्याच्या पात्याखाली चिमटीत येणारी त्वचेची घडी फक्त ०.५३ ने कमी. पोटाचा घेर बाळाच्या बाबतीत मुख्यतः यकृत आणि इतर अवयव सांगतो, दंड स्नायू सांगतो. म्हणजे कमी पडलं ते स्नायू आणि अवयवांत. चरबी बऱ्यापैकी राखली गेली. नाळेतल्या रक्तावर वेगळा अभ्यास झाला, त्यात वजनाच्या मानाने इन्सुलिनही जास्त निघालं. जन्माच्या दिवशीच! फरसाण आणि बैठी नोकरी नंतर येतात.

---

टेप_तराजू
चांगला धागा. मोजमापावर आधी लिहितो, कारण घरी किंवा शिबिरात कंबर मोजताना निम्मे लोक पँटच्या पट्ट्यावरून टेप फिरवतात आणि पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा पोटाच्या खालीच असतो.

कंबर: शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपायची, दोन्हींच्या मधोमध खूण करायची. दोन्ही बाजूंना खूण करा, म्हणजे टेप तिरकी जात नाही. टेप न ताणणारी हवी. शिंप्याची जुनी कापडी टेप लांबलेली असते, ती स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. कपडे बाजूला, पाय किंचित फाकून, साधा श्वास सोडून संपल्यावर वाचन. पोट आत ओढणं सगळेच करतात, म्हणून बोलतं ठेवा आणि बोलणं संपताना वाचा. दोनदा मोजा, १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही सोडून परत मोजा.

भारतीयांसाठी मर्यादा: पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमी. बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून स्थूलता. २५ आणि ३० हे आकडे जागतिक तक्त्यातले आहेत. बऱ्याच ॲपमध्ये अजून तेच भरलेले असतात, त्यामुळे २४.५ वाल्याला हिरवी खूण मिळते.

त्वचेच्या घडीचं माप घरी करण्यासारखं नाही, पण पोषण किंवा नर्सिंगचे विद्यार्थी इथे वाचत असतील तर: पात्याच्या खालच्या टोकाच्या जरा खाली, ४५ अंशात तिरकी चिमटी, बोटांपासून १ सेंमीवर कॅलिपर, कॅलिपरचा दांडा पूर्ण सोडल्यावर दोनेक सेकंदांत वाचन. जास्त थांबलात तर चरबी दबत जाते आणि आकडा घसरतो. बोटांची चिमटी मात्र तशीच धरून ठेवायची. ती सोडून फक्त कॅलिपर लोंबकळत ठेवणं ही नेहमीची चूक. तीन वाचनांची सरासरी.

आणि न्हाणीघरातल्या काट्यावर येणारा 'शरीरातील चरबी' हा आकडा चरबी मोजत नाही. तळपायांतून बारीक वीजप्रवाह जातो, विरोध मोजला जातो, बाकी सगळं सूत्र. सूत्र कुठल्या लोकांवर बसवलं ते डब्यावर लिहिलेलं नसतं. पाणी कमी प्यायलात तरी आकडा हलतो. तोच काटा, तीच वेळ ठेवून स्वतःचा कल बघायला ठीक.

---

उपाशीपोटी
एक प्रश्न. उपाशीपोटी साखर ९४ (नॉर्मल) आणि एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ६.१ (मधुमेहपूर्व) अशी जोडी एकाच रिपोर्टवर बऱ्याचदा दिसते. यातलं खरं कुठलं धरायचं?

---

रेषा_लॅब
@उपाशीपोटी, दोन्ही चुकीचे असू शकतात, म्हणून एकेकाची उलटतपासणी.

आधी ९४. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर उडते. १०६ ची साखर दोन तासांत ९४ च्या आसपास येते, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेतला माणूस नुसत्या वाहतुकीत 'नॉर्मल' होतो. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, पण ते साखर मोडण्याच्या साखळीत बऱ्याच खालच्या पायरीला अडवतं, त्यामुळे पहिला तासभर घसरण चालूच राहते. त्यानंतर आकडा स्थिर होतो. नमुना लगेच बर्फात ठेवून अर्ध्या तासात पेशी वेगळ्या करणं हा खरा उपाय. घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेत हे क्वचित होतं. उपाशी साखरेवर निर्णय लटकलेला असेल तर लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.

आता ६.१. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर, त्यामुळे तांबड्या पेशीचं वय बदललं की आकडा बदलतो. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढतो, आपल्याकडच्या बायकांमध्ये हे फार दिसतं. बी१२ च्या कमतरतेच्या पांडुरोगातही तसंच होऊ शकतं. पेशी लवकर फुटत असतील, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर खोटा कमी. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट भागांत सिकलसेलचं प्रमाण लक्षात घेता तिथे एचबीएवनसीवर एकट्याने विसंबू नये. सिकलसेल आजारात, दोन्ही जनुकं सदोष असतील तर, मुळात मोजायचं ते हिमोग्लोबिनच शरीरात नसतं. रिपोर्टवर पद्धत बघा: एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पद्धत) असेल तर सोबतचा आलेख मागा, वेगळं हिमोग्लोबिन असल्यास वेगळं शिखर दिसतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची खूण) शेजारी ठेवल्याशिवाय ६.१ वर चर्चा करण्यात अर्थ नाही.

भांडण मिटवायचं तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. चाचणीच्या धास्तीने भात-पोळी सोडून आलात तर दोन तासांची साखर उगाच वाढलेली येते. रात्रीचे ८ ते १४ तास उपास. ७५ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचं वजन. मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं) असेल तर ८२.५ ग्रॅम लागतं. २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. घड्याळ पहिल्या घोटापासून. दोन तास बसून राहायचं: चालणं, चहा, सिगारेट काही नाही. उलटी झाली तर चाचणी रद्द, "थोडंसंच पडलं" चालत नाही. दोन तासांनी १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० वर मधुमेह. लक्षणं नसतील तर मधुमेहाचं निदान एका आकड्यावर करत नाहीत, दुसरी चाचणी किंवा दुसरा दिवस लागतो.

---

गणिती
रेषाताईंनी साखरेचं केलं, मी चरबीच्या रिपोर्टचं करतो. आपल्याकडे नेहमी दिसणारा नमुना: एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) बऱ्याच लॅब मोजत नाहीत, वजाबाकी करतात: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. १९० − ३४ − ५२ = १०४. माणूस खूश. पण एचडीएल सोडून उरलेलं सगळं, म्हणजे १९० − ३४ = १५६, हे धमनीच्या भिंतीत शिरू शकणारं कोलेस्टेरॉल. या नॉन-एचडीएलचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. एलडीएलचं लक्ष्य १०० असेल तर याचं १३०. एकाच रिपोर्टवर एक आकडा लक्ष्याच्या ४ ने वर, दुसरा २६ ने.

पाचाने भागणं ट्रायग्लिसराइड ४०० वर गेलं की मोडतंच, पण त्याच्या बरंच आधीपासून, विशेषतः एलडीएल कमी असताना, ते एलडीएल खोटं कमी दाखवतं. नॉन-एचडीएलला उपासही लागत नाही आणि जादा पैसेही. शक्य असेल तर अपोबी (असे कण किती आहेत ते मोजणारी चाचणी) करा. लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच आणखी एक कण) आयुष्यात एकदा केलं तरी पुरे, ते बहुतांशी जनुकांवर ठरतं.

इन्सुलिन रोधाचा (इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद न देण्याचा) 'होमा' आकडा मात्र हौशीने करू नका. उपाशी साखर गुणिले उपाशी इन्सुलिन भागिले ४०५. साखर ९८ आणि इन्सुलिन १२ असेल तर २.९, दुसऱ्या लॅबच्या संचावर तेच इन्सुलिन ९ आलं तर २.२. इन्सुलिनच्या चाचण्या एकमेकींशी जुळवलेल्या नाहीत. शिवाय नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या असतील तर त्यांतलं विकर इन्सुलिन मोडतं. एका अभ्यासात, एकाच लॅबमध्ये, शेकडो लोकांची तुलना करायला हा आकडा ठीक आहे, आणि पुण्याच्या अभ्यासांत तो तसाच वापरलाय. एकट्या माणसाला त्याचं प्रमाणपत्र देता येत नाही.

---

शेवगा
मूळ धाग्यात बी१२ राहिलं. पुण्याच्या कामाचा तो मोठा भाग आहे ना? फोलिक ॲसिडमुळे मुलांना मधुमेह होतो अशी एक फॉरवर्ड फिरतेय, त्यावर कोणी लिहील का?

---

काटेकोर
@शेवगा, लिहितो, कारण ती फॉरवर्ड धोकादायक आहे.

त्याच सहा गावांतल्या आयांचं १८ आणि २८ आठवड्यांचं रक्त जपून ठेवलं होतं. बी१२ १५० पिकोमोलच्या खाली असलेल्या आया ६० टक्क्यांहून जास्त. मिथाइलमॅलोनिक आम्ल, म्हणजे पेशीत बी१२ कमी पडल्याची खूण, वाढलेल्या सुमारे ९० टक्के. फोलेटची कमतरता जवळपास नव्हतीच. मुलं ६ वर्षांची झाल्यावर मोजलं तेव्हा आईचं फोलेट जास्त तसं मुलाच्या अंगात चरबी आणि इन्सुलिन रोध जास्त; आणि सगळ्यांत जास्त रोध आईचं बी१२ कमी अन् फोलेट जास्त असलेल्या मुलांत. २००८ चा निबंध आहे. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नाही. त्यातून "फोलिक ॲसिड वाईट" हे निघत नाही. दोन्ही जीवनसत्त्वं एकाच रासायनिक चक्रात काम करतात आणि आपण गरोदर बाईला वर्षानुवर्षं त्यातलं एकच देत आलो, हा प्रश्न निघतो.

रिपोर्ट वाचताना एकक बघा. १५० पिकोमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे २०३ पिकोग्रॅम प्रति मिली. आपल्या बहुतेक लॅब पिकोग्रॅममध्ये देतात, त्यामुळे "माझं १८० आहे, १५० च्या वर" असं म्हणणारे फसतात.

---

प्रसूतिकक्ष
ठळक अक्षरात वाचा: फोलिक ॲसिड बंद करायचं नाही. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. म्हणून दिवस राहण्याआधीपासून १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम. पुढे सरकारी लोहगोळीत ६० मिग्रॅ लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, ती १८० दिवस.

गडबड होते ती ५ मिग्रॅच्या गोळीने. ती आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष होता किंवा आईला तशीच दुसरी जोखीम आहे, अशांसाठी आहे. ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. दुकानात तीच सहज मिळते म्हणून सगळ्यांना तीच दिली जाते आणि नऊ महिने चालू राहते. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: माझी मात्रा किती, आणि बी१२ तपासायचं का. शाकाहारी घरातल्या बाईने दुसरा प्रश्न नक्की विचारावा.

---

मुद्देसूद
बी१२ वर थोडं थंड पाणी ओततो. २००६ मध्ये पुण्याच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला: खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांत बी१२ कमी, शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. होमोसिस्टीन (बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात साचणारं अमिनो आम्ल) ५८ टक्क्यांत वाढलेलं. होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त हे तेव्हा जगभर दिसत होतं. म्हणून लोकांनी जीवनसत्त्वं देऊन ते उतरवून बघितलं. त्याच वर्षी नॉर्विट आणि होप-२ या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. तेव्हा "होमोसिस्टीन १८ आलं, हृदयासाठी बी१२ सुरू करा" याला आधार नाही. बी१२ कमी असेल तर ते नसांसाठी आणि रक्तासाठी भरून काढा, तेवढं कारण पुरेसं आहे. होमोसिस्टीनचा नमुनाही नाजूक असतो. पेशी वेगळ्या न करता ठेवला तर तासाला सुमारे १० टक्के वाढतो.

---

काटेकोर
@मुद्देसूद, मान्य, पण चाळिशीनंतर झटका येऊन गेलेल्याला गोळी देणं आणि गर्भाला मिळणं या वेगळ्या वेळा आहेत. नॉर्विटमध्ये तर नुकताच झटका येऊन गेलेले लोक होते. म्हणून पुण्याच्या गटाने पुढचा प्रयोग गरोदरपणाच्याही आधी नेला: त्या गावांतली तीच मुलं किशोरवयीन झाल्यावर त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी१२, एका गटाला सोबत इतर सूक्ष्मपोषकं, एका गटाला नुसती औषध नसलेली बनावट गोळी. पुढे त्यांच्या बाळांची मापं.

२ मायक्रोग्रॅम ही मात्रा हास्यास्पद वाटते, कारण दुकानातल्या गोळीवर १५०० लिहिलेलं असतं. पण याच कुटुंबांत २ आणि १० मायक्रोग्रॅम वर्षभर देऊन बघितलं होतं आणि होमोसिस्टीन उतरण्यात दोन्हींत फारसा फरक निघाला नव्हता. आतड्यातली खास वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेते. बाकीचं झिरपून जेमतेम १ टक्का आत जातं. १५०० मधून साधारण १६-१७ मिळतात. अर्थात हे निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेचं झालं. हातापायाला मुंग्या, तोल जाणं असेल तर मोठी मात्रा किंवा इंजेक्शनच लागतं, आणि त्याआधी रक्त घ्यायचं, कारण इंजेक्शननंतरची पातळी काहीच सांगत नाही. बरीच वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची गोळी) घेणाऱ्यांनी पातळी अधूनमधून तपासावी, त्या औषधाने बी१२ घटतं. पाव लिटर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं. स्पिरुलिनातलं बी१२ शरीराला बहुतांशी उपयोगाचं नसतं, पाकिटावर काहीही असो.

---

शेवगा
मग आहारावर प्रयोग झालाच नाही का कुठे?

---

मुद्देसूद
झालाय, मुंबईच्या वस्त्यांत. दिवस राहण्याआधीपासून बायकांना रोज एक खाऊ: एका गटाला पालेभाजी, फळं, दूध घातलेला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषणाच्या भाज्यांचा. सगळ्यांचा हिशेब केला तर बाळाच्या वजनात फरक २६ ग्रॅम, जो योगायोगानेही येऊ शकतो. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत ४८ ग्रॅम. जास्त लक्ष वेधणारा आकडा गरोदरपणातल्या मधुमेहाचा आहे: १२.४ टक्क्यांऐवजी ७.३. बाळ थोडं मोठं करण्यापेक्षा आईची साखर आटोक्यात राहणं मला मोठं वाटतं. पुण्याच्या गावांतही आयांच्या एकूण उष्मांकांशी बाळाच्या वजनाचा संबंध फारसा दिसला नव्हता, पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी दिसला होता.

---

टेप_तराजू
एक गोष्ट कोणी लिहिली नाही, आणि ती मूळ शीर्षकालाच धक्का देते. सहा गावांतली मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्म्यांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता, आणि तरी मुलांपैकी ३७ टक्के, मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडलेली निघाली. इथे चरबी हे एकमेव उत्तर पुरत नाही. गर्भात वाढ कमी झालेल्यांत स्वादुपिंडाची इन्सुलिन वाढवून देण्याची ताकदच कमी, असं त्या विश्लेषणातून दिसतं. अशा माणसाला "वजन उतरवा" सांगून काय उपयोग? त्याला स्नायू वाढवायला हवेत: पुरेशी प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे व्यायाम.

---

उपाशीपोटी
यावरूनच शेवटचा प्रश्न. अडीच किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला मग भराभर खाऊ घालायचं की जपून?

---

प्रसूतिकक्ष
वयाप्रमाणे उत्तर बदलतं. पहिल्या दोन वर्षांत वाढ रोखायची नाही. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा २००४ मध्ये छापून आला: तिशीच्या आसपास साखर बिघडलेले लोक दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि नंतर २ ते १२ वर्षांत त्यांचा बीएमआय चढत गेला होता. पुण्याच्या केईएममध्ये जन्मलेल्या मुलांतही आठव्या वर्षी हेच दिसलं: जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी मोठी, त्यांचा इन्सुलिन रोध सर्वांत जास्त.

म्हणून सहा महिने फक्त आईचं दूध. पुढे दोन वर्षांपर्यंत दाट वरचं अन्न: डाळ-तांदूळ, अंडं, दही, चमचाभर तूप, वरून साखर नाही. नुसतं वजन टिपू नका. लांबी सपाट फळीवर, दोन माणसांनी धरून मोजा आणि लांबीच्या मानाने वजनाचा तक्ता बघा. लांबी वाढतेय आणि वजन तिच्यासोबत जातंय तोवर भरवत राहा. दोन वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी उंचीच्या मानाने वजन वरच्या रेषेकडे सरकतंय का ते पाहायचं. सरकत असेल तर आधी बिस्किटं आणि गोड दूध कमी करायचं, जेवण नाही.